गाडी त्याच्याकडे, रिमोट माझ्याकडे

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घराण्याचंच ते आहे. नाहीतर एक गाडी अकरा वर्षं दोन गावांत राहिली नसती. गाडी माझ्या धाकट्या भावाकडे, मिथुनकडे, पेणला रामवाडीत. आणि तिचा रिमोट माझ्याकडे, रोह्याला, कपाटाच्या वरच्या फळीवर. हा शहाणपणा आम्ही बाबांच्या तेराव्याला केला.

गाडी हातभर लांबीची. आमचे बाबा, रघू फिटर, जहाजावर होते. अठ्ठ्याऐंशी साली जपानहून एक खोकं घेऊन आले. आत गाडी नव्हती, गाडीचे सुटे भाग होते. पावसाळाभर बसून त्यांनी ते जोडले आणि गणपतीत अख्खी आळी गाडी बघायला ओट्यावर जमली. मी पंधरा वर्षांचा होतो, मिथुन नऊ.

आजच्या गाड्यांत वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. काडेपेटीएवढं, गुपचूप काम करणारं. बाबांच्या गाडीत ते नाही. तिच्यात एक छोटी मोटर पितळेचा एक हात फिरवते आणि तो हात तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकतो. पट्ट्या तीन, म्हणून वेगाचे टप्पेही तीन. पहिल्या दोन टप्प्यांत जास्तीची वीज एक पांढरा रेझिस्टर पिऊन टाकतो आणि तव्यासारखा तापतो. तिसऱ्या टप्प्यात मध्ये कोणी नाही, बॅटरी थेट मोटरला. आणि महत्त्वाचं म्हणजे, हात जिथे नेऊन ठेवला तिथेच राहतो. त्याला मागे ढकलणारं काही नसतं. म्हणून बाबांचा नियम होता : रिमोट आधी चालू करायचा आणि सगळ्यात शेवटी बंद करायचा. हा नियम मिथुनला पाठ होता तसा मलाही पाठ होता. हे मी मुद्दाम सांगतोय.

भांडण गाडीवरून झालं नाही. बाबा गेले त्या दिवशी मी धाटावला कंपनीत होतो. शटडाऊनचं काम चालू होतं, मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये. मिथुनने नऊ फोन केले. तीन वाजेपर्यंत वाट बघितली आणि मग जमलेल्या वडीलधाऱ्यांचं ऐकून अग्नी दिला. मी पोचलो तीन चाळीसला. थोरला मुलगा मी, आणि माझ्या बापाची चिता माझ्याशिवाय पेटलेली. मी स्मशानातच नको ते बोललो. तोही बोलला, "कंपनी जाळायची होतीस आधी." तेराव्याला मी म्हटलं, गाडी मला पाहिजे. तो म्हणाला, मिळणार नाही. मग मी रिमोट उचलला आणि मोटरसायकलला किक मारली. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

म्हणजे बोलत होतो, पण आईतून. आईचं नाव पुतळी. ती राहते मिथुनकडे, पण महिन्या-दोन महिन्यांनी मी जायचो. तेव्हा मिथुन म्हणायचा, "आये, त्याला विचार, जेवणार हाय का?" मी त्याच्यासमोर पाटावर बसलेलो. आई माझ्याकडे वळून विचारायची, "हिरामण, जेवणार हायस का?" मी म्हणायचो, "सांग त्याला, भूक नाय." मग ती तिकडे वळायची. मिथुनची बायको वैशाली म्हणायची, "आमच्या सासूबाई म्हंजे टेलिफोन एक्स्चेंज." सगळे हसायचे, आम्हीसुद्धा. अकरा वर्षांत आईने एकही निरोप गाळला नाही की बदलला नाही. दोघं समोरासमोर बसलेले असले तरी निरोप पोचवल्याशिवाय तिला घास जात नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे आम्ही दोघे. पण तो पीळ वाहत होती ती.

या वर्षी आईला धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक झडप आखडली आहे, ऑपरेशन लवकर करा. तोवर जिना नाही, ओझं नाही, धावपळ तर अजिबात नाही. मी कंपनीत अठ्ठावीस वर्षं झडपांचीच दुरुस्ती करतो. आखडलेली झडप एक दिवस काय करते ते मला कोणी सांगायला नको होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

पनवेलच्या हॉस्पिटलात सोमवारची तारीख मिळाली. आणि आई म्हणाली, मी जाणार नाही.

"आधी ती गाडी चालवून दाखवा," ती फोनवर म्हणाली. "दोघांनी मिळून. टेबलावरून परत आले नाय तर? ती गाडी चालताना बघितल्याशिवाय मी जागची हलणार नाय."

मी चिडलो, ओरडलो, शेवटी विनवण्या केल्या. ती ऐकेना. आमचीच आई ती.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, रिमोट पिशवीत घालून मी निघालो. निडी, नागोठणे, मग हायवे. रिमोटमध्ये आठ नवे सेल घातले होते. दिवा लागला, म्हणजे झालं असं समजून मी तो आत उघडून बघितला नव्हता. दुसऱ्यांची यंत्रं उघडण्यात माझा जन्म गेला, आणि स्वतःच्या घरातलं ते एक अकरा वर्षांत उघडलं नाही.

मिथुनने मात्र गाडी लखलखीत ठेवली होती. तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासलेल्या, पितळी हाताचा दाब नेमका, नवीन बॅटरी बसवलेली. ओट्यावर ती बघून मी खाली वाकलो. बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेला तो पांढरा रेझिस्टर तसाच होता, कडेने तपकिरी झालेला. चांगली ठेवलीस, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं. पण आईतून काय म्हणायचं असलं काही!

"आये, विचार त्याला, सेल नवे हायत का?"

"हिरामण, सेल नवे हायत का?"

"सांग, नवे हायत."

"नवे हायत रे, मिथुन."

मिथुनच्या घरापुढून सिमेंटची गल्ली जाते, सत्तर-ऐंशी पावलांची, थोडी उताराची. खाली ती हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडला मिळते. आई म्हणाली, मला कोपऱ्यावर खुर्ची द्या, तिथून पूर्ण गल्ली दिसते. मिथुनने प्लास्टिकची खुर्ची तिथे बदामाच्या सावलीत नेऊन ठेवली. तिच्या पाठीमागे रस्ता. आम्ही दोघे वर घरापुढे, खांद्याला खांदा लावून. वैशाली आत आईची बॅग भरत होती.

आता निरोपाची गंमत बघा. मिथुनला मला काही सांगायचं तर तो सत्तर पावलांवर ओरडायचा, "आये, सांग त्याला, पहिल्या टप्प्यावरच ठेव!" आणि आई तिथून हात तोंडाशी धरून ओरडायची, "हिरामण, पहिल्यावरच ठेव!" तिला ओरडायला लावू नये एवढी अक्कल दोघांपैकी एकालाही नव्हती. तिची धाप मला इथे ऐकू येत नव्हती, एवढंच.

मी रिमोटची लांब अँटेना काढली, बटण दाबलं. मिथुनने गाडीचं बटण दाबून ती खाली ठेवली. मी रिमोटवरची वेगाची काडी जराशी पुढे केली. आत तो ओळखीचा आवाज झाला, आधी बारीक किर्र आणि मग खट्. गाडी मुंगीच्या पावलाने निघाली. पहिला टप्पा. पुन्हा खट्, दुसरा. ती आईपर्यंत गेली, तिच्या पायांपाशी मी तिला वळवली, ती परत आली. रेझिस्टर तापल्याचा वास आला आणि क्षणभर बाबाच बाजूला उभे आहेत असं वाटलं.

आई टाळ्या वाजवत होती. "अरे, जोरात सोड! हे सोडायचे तशी!"

मी गाडी पुन्हा उताराला लावली आणि काडी पूर्ण पुढे ढकलली. तिसरा टप्पा. गाडी सुसाट सुटली. अर्ध्या गल्लीत मी काडी सोडली. सोडल्यावर ती स्प्रिंगने आपोआप मधोमध यायला हवी.

ती आली नाही. रोह्याच्या दमट हवेत अकरा वर्षं पडून आतली स्प्रिंग गंजून गेली होती. काडी तशीच पुढे झुकलेली आणि गाडी आईच्या दिशेने. अंगठ्याने काडी मागे ओढायची, एवढंच काम होतं. पण मी घाबरलो, दुसऱ्या काडीने गाडी बाजूला वळवली आणि त्याच क्षणी अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने हात चालला. कंपनीत काही बिघडलं की आम्ही सिग्नल तोडतो. सिग्नल गेला की झडप आपोआप मिटते, सगळं सुरक्षित. आमची सगळी यंत्रं तशीच बांधलेली असतात. मी रिमोटच बंद केला.

बाबांच्या गाडीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पितळी हात तिसऱ्या पट्टीवर होता, तिथेच राहिला. पुढची चाकं वळलेली होती, तशीच वळलेली राहिली. गाडी खुर्चीला वळसा घालून सर्व्हिस रोडवर गेली आणि रस्त्याच्या मधोमध गोल गोल फिरायला लागली, तिसऱ्या टप्प्यावर, बेभान.

आणि आई उठली.

"आये, बस!" मी ओरडलो. पण ती निघाली होती. बिथरलेल्या वासराला धरायला जावं तशी, पदर खोचून, वाकून, हात पुढे करून. गाडी तिच्या हाताखालून निसटायची, ती पुन्हा मागे जायची. धावपळ अजिबात नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माझी आई हायवेच्या कडेला नवऱ्याच्या गाडीमागे धावत होती. मी पळायला लागलो. मिथुनही पळायला लागला. उजवीकडून, झाडांच्या मागून, बसचा हॉर्न ऐकू आला. दुसऱ्या पाळीची माणसं धाटावला नेणाऱ्या बसगाड्या त्याच वेळी येतात. निदान मला तरी हे ठाऊक असायला हवं होतं.

गाडी थांबली तर आई परत फिरेल, हे मिथुनच्या माझ्याआधी लक्षात आलं. आणि काय चुकलंय तेही. तो माझ्या शेजारी पळत होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. रिमोट माझ्या हातात होता.

तो ओरडला. माझ्याकडे बघून नव्हे.

"आये! सांग त्याला, रिमोट चालू कर! काडी मागं ओढ!"

आणि आई थांबली.

रस्त्याच्या मधोमध थांबली. हाक तिला होती, निरोप मला होता. अकरा वर्षांत तिने एकही निरोप गाळला नव्हता. ती वाकलेली सरळ झाली, बस विसरून आमच्याकडे वळली. श्वास पुरत नव्हता, तरी एक हात छातीवर ठेवून तिने दुसरा तोंडाशी नेला.

"हिरामण... रिमोट... चालू कर... म्हणतोय."

याच्या पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही. मिथुनचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. माझा अंगठा बटणावर होता. आणि तो हलला नाही. आईने सांगेपर्यंत हलला नाही. मी वाट बघितली. तीन सेकंद असतील, चार असतील. कोणी म्हणेल, घाबरून हात गोठला. नाही. मी निरोपाची वाट बघत होतो.

तिने सांगितलं आणि मी बटण दाबलं, काडी ओढली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. बसचे ब्रेक किंचाळले. पुढचं चाक गाडीवरून गेलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि बस आईपासून हातभर अंतरावर थांबली. आईने बसकडे बघितलंसुद्धा नाही. ती आमच्याकडेच बघत होती, निरोप पोचला का ते. मग ती हळूच रस्त्यावर बसली आणि आडवी झाली.

आम्ही पोचलो तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर. ड्रायव्हर खाली उतरला. बसमधली माणसं उतरली, कोणी पाणी आणलं, कोणी वारा घातला. एका पोरसवद्या कामगाराने बसच्या चाकाखालून गाडीचे तुकडे गोळा करून बाजूला ठेवले. आम्ही त्या तुकड्यांकडे बघितलं नाही.

मिथुनने तिच्या खांद्यांखाली हात घातले आणि मानेनेच मला पाय दाखवले. मी धरले. तिला उचलून आम्ही बसमध्येच घातलं आणि ड्रायव्हरने पाळीबिळी विसरून बस पेणमधल्या दवाखान्याकडे वळवली. वैशाली बॅग घेऊन रिक्षाने मागोमाग आली. बसमध्ये आईचं डोकं माझ्या मांडीवर, पाय मिथुनच्या. ती काहीतरी पुटपुटत होती. आम्ही दोघे एकदम म्हणालो, "बोलू नको."

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण आवाजात जरब होती. आईला आत घेतलं, नळ्या लावल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या.

"सकाळच्या गोळ्या कोणत्या घेतल्या? आणि कुठल्या इंजेक्शनचा त्रास झालाय का कधी? लवकर सांगा."

गोळ्या मिथुनला माहीत होत्या. इंजेक्शनचं मला माहीत होतं, दोन वर्षांपूर्वी ती रोह्याला माझ्याकडे असताना तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. अर्धी आई त्याच्याकडे आणि अर्धी माझ्याकडे. आम्ही एकाच वेळी बोलायला लागलो आणि एकाच वेळी गप्प झालो.

"एकेकाने बोला हो," बाई खेकसल्या. "भाऊ आहात ना?"

मिथुनने गोळ्या सांगितल्या. मी इंजेक्शन सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. पनवेलला आत्ताच हलवावं लागेल, ॲम्ब्युलन्स येतेय, ऑपरेशन उद्यावर ठेवता येणार नाही, वाटेतही काही होऊ शकतं, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि एक कागद पुढे केला. घरच्या माणसाची सही पाहिजे. आत आईच्या खाटेपाशीच कागद ठेवला, कारण तिचा होकारही त्यांना विचारायचा होता. आईने मान हलवली. गाडी बघून झाली होती तिची.

कागद मिथुनच्या बाजूला होता. आई त्याच्याकडे राहते, सगळे रिपोर्ट त्याच्या नावावर, सही त्यानेच करायची असं मी धरून चाललो होतो. त्याने कागद हातात घेतला, वाचला. त्याच्या हाताला अजून रस्त्यावरची माती होती. मग त्याने कागद खाटेवरून माझ्याकडे सरकवला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "दादा, तू कर. थोरला तू हायस. त्या दिवशी मी थांबायला पायजे होतो."

अकरा वर्षांनी त्याने मला हाक मारली होती. मला तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. मी शब्द शोधत राहिलो.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. आईने डोळे उघडले होते. ती त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. सलाईन लावलेला हात तिने कष्टाने वर नेला आणि मास्क बाजूला ओढला. डॉक्टरीण बाई धावल्या, पण ती थांबेना.

"हिरामण," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत होती. "सही तू कर... म्हणतोय तो. थोरला..."

मी तिचा हात धरला आणि मास्क पुन्हा तिच्या तोंडावर बसवला. "ऐकलं गो आये," मी म्हणालो. "मगाशी पण ऐकलं व्हतं मी. आता नको सांगूस."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं बोलणं तिला मिथुनला सांगायचं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी तिचा हात सोडला नाही. मान वळवली आणि माझ्या भावाला विचारलं, "मिथुन, सही कुठं करायची, दाखव."